गैरहजेरीचा धंदा

‘आरोग्यापुढे पैशाचं काय?’ हे वाक्य भिलाईत हल्ली दोन ठिकाणी हमखास ऐकू येतं. एक, खासगी इस्पितळात बिलाच्या खिडकीपाशी. दुसरं, महागड्या जिमच्या रिसेप्शनवर. दोन्हीकडे ते म्हणणारा पैसे घेणारा असतो, एवढं ध्यानात ठेवावं. एखाद्या वस्तूला मोल नाही असं एकदा ठरलं, की तिला हवं ते मोल लावायला विकणारा मोकळा होतो.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. नेहरू नगर, स्मृती नगर, जुनवानी या आपल्या खात्यापित्या भिलाईत काचेच्या भिंतींची, थंड हवेची, मोठ्या आवाजात गाणी लावणारी जी दालनं उघडली आहेत, त्यांचं वर्षाचं सभासदत्व पैशाच्या लायकीचं आहे का, हा प्रश्न मी पैशाचा प्रश्न म्हणूनच घेतो. माझं उत्तर: बहुतेकांसाठी नाही. सभासद आळशी असतात म्हणून मी हे म्हणत नाही. हा धंदाच त्यांच्या गैरहजेरीवर उभा आहे, म्हणून म्हणतो. ज्या दिवशी सगळे सभासद नेमाने येऊ लागतील, त्या दिवशी तो बसेल.

हिशोब मांडू. समजा, वर्षाची फी ३०,००० रुपये. वर्षातले ३०० दिवस गेलात तर एका खेपेचे १०० रुपये पडतात. शंभर रुपयांत यंत्रं, थंड हवा, आंघोळीची सोय. याला महाग कोण म्हणेल? पण ५० दिवस गेलात तर तीच खेप ६०० रुपयांना पडते, आणि १० दिवस गेलात तर ३,००० रुपयांना. रिसेप्शनवर आपल्याला ३०० दिवसांचा हिशोब ऐकवला जातो. मालकाच्या वहीत मात्र पन्नासाचा, नाहीतर दहाचा असतो. जिममध्ये विकली जाते ती आपलीच एक कल्पित आवृत्ती: पहाटे पाचला उठणारी, लग्नाच्या पंगतीत जिलेबी नाकारणारी. तिची फी आपण आज भरतो, आणि ती येत नाही.

हे माझं कुजकं अनुमान नाही. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उल्रिके माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची रोजची हजेरी तपासली. २००६ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच ‘जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणं’ अशा अर्थाचं आहे. ७० डॉलरांहून जास्त मासिक फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरांहून जास्त पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरांना पडली असती. अशा सभासदाने आपल्या सभासदत्वाच्या काळात सरासरी ६०० डॉलर हकनाक घालवले. ही माणसं अडाणी नव्हती. त्यांनी पैशाचा हिशोब बरोबर केला होता, चूक झाली ती स्वतःच्या अंदाजात; आणि समोरच्या दुकानदाराला ती चूक आधीपासून ठाऊक होती.

कुणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट. तर भिलाईत गैरहजेरीची कारणं अमेरिकेपेक्षा कमी नाहीत, जास्तच आहेत. कारखान्यात पाळी बदलली की सकाळचा माणूस रात्रीचा होतो. दहावीनंतर पोरगं कोचिंगला जाऊ लागलं की आई-बापाची संध्याकाळ गाडी चालवण्यात जाते; या गावात अर्ध्या घरांचं वेळापत्रक कोचिंगवाले ठरवतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की दारापर्यंत जाणंही जिवावर येतं. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. बारा महिन्यांतले चार असेच गळतात. फीचं मीटर मात्र चालू असतं.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. एका वेळी चाळीस माणसं व्यायाम करू शकतील असं एक दालन आहे, समजा. भाडं, विजेचं बिल, यंत्रांचे हप्ते, पगार हे सगळं चाळीस-पन्नास जणांच्या फीतून निघत नाही. तेव्हा सभासद करायचे सातशे-आठशे. हे सगळे संध्याकाळी सहाला आले तर दारात चेंगराचेंगरी होईल. पण ते येत नाहीत, हे मालकाला पक्कं माहीत असतं. एक महिन्याची फी चढी, तीन महिन्यांची थोडी उतरती आणि वर्षाची एकदम ‘परवडणारी’, हा दरपत्रकाचा सगळा डाव तेवढ्यासाठी. वर्षभराची सूट ही तुमच्या संकल्पावर लावलेली पैज आहे. पैज हरण्याची शक्यता ज्याची जास्त, त्याच्याकडूनच पैसे आगाऊ घेतले आहेत.

आणि आगाऊ भरलेलं वर्ष म्हणजे काय, याचाही विचार करावा. ते कर्ज आहे. बिनव्याजी, बिनतारण. बँकेने जिमला कर्ज दिलं तर ती कागद करते, तारण घेते. आपण घेतो फक्त प्लास्टिकचं कार्ड. याचा धडा आपल्या मराठी घराण्याच्याच नावाने गिरवला गेला आहे. १९३२ पासूनचा वारसा सांगणारं तळवलकर हे नाव एकेकाळी मुंबईत व्यायामशाळेला प्रतिशब्द होतं. २०१० साली ती कंपनी शेअर बाजारात आली, देशभर शंभरावर शाखा झाल्या. २०१९ मध्ये तिला कर्जावरचं व्याज भरता आलं नाही, आणि मग एकामागून एक दारं बंद झाली. ज्यांनी वर्षाची, दोन वर्षांची फी आधीच भरली होती, ते कुलपासमोर उभे राहिले. सत्त्याऐंशी वर्षांच्या नावाची ही गत, तर गेल्या दिवाळीत जुनवानीच्या रस्त्यावर फुगे लावून उघडलेल्या दालनाची हमी कोण देणार?

इथे तालमीची आठवण काढणं भाग आहे, पण हळवं न होता. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्याच मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढून मोकळे झाले. गावोगावच्या लहान तालमींची तर मोजदादच नाही. या संस्था कशावर जगत? देणग्यांवर, लहानशा वर्गणीवर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पोरांच्या येण्यावर. आखाडा ओस पडला की तालीम मेली. म्हणून चार दिवस न दिसलेल्या पोराच्या घरी वस्ताद निरोप धाडत असे. आज जिमकडून निरोप येतो तो सभासदत्व संपायला पंधरा दिवस उरले की. अकरा महिने तुम्ही कुठे होतात हे कुणी विचारत नाही, कारण त्या न विचारण्यातच फायदा आहे.

तालमीचे दोष मी झाकत नाही. बहुतेक तालमींचं दार बाईला बंद होतं. कित्येक ठिकाणी जात पाहून माती अंगाला लागू दिली जाई. दंड-बैठकांच्या आडून द्वेषाचं राजकारण शिकवणारी ठिकाणंही होती आणि आहेत. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणत तालमी पुन्हा उघडा, असं मी म्हणत नाही. मी दोन जमाखर्च शेजारी ठेवतो आहे. एका व्यवहारात माणूस आला तर संस्था जगते. दुसऱ्यात माणूस आला नाही तर जगते. पैसे कुठल्या व्यवहारात घालायचे, हे ठरवायला पैलवान असावं लागत नाही.

हजेरी या शब्दाचं वजन भिलाईला कुणी शिकवायला नको. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि धानाच्या शेतांत कारखान्याच्या पाळीवर चालणारं शहर उभं राहिलं. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली आपली मराठी घरंही त्याच पाळीत रुजली. इथे ‘हाजिरी’ म्हणजे पगार. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईच्या कामगारांवर मोठा ग्रंथ लिहिला; त्याच्या मध्यावर इथल्याच बोलीतले दोन शब्द आहेत: ‘नौकरी’ आणि ‘काम’. नौकरी म्हणजे प्लांटची कायम जागा, क्वार्टर, इस्पितळ, पेन्शनीचा दिलासा. काम म्हणजे ठेकेदाराकडची रोजंदारी. नौकरीवाले आज त्यांच्या उच्चांकाच्या निम्म्याहूनही कमी उरले आहेत. कामवाले गेटबाहेर सायकली लावून आत जातात, आणि एक दिवस आले नाहीत तर त्या दिवसाची हाजिरी कापली जाते.

आता या दोन गैरहजेऱ्या शेजारी ठेवा. ठेका मजूर आला नाही तर ठेकेदार त्याचे पैसे देत नाही. सभासद आला नाही तरी जिम त्याचे पैसे ठेवून घेते. दोन्ही वेळा फायदा ज्याच्या हातात वही आहे त्याचा. ज्या गावात रेल्वेचे रूळ लाटले जातात, तिथे दिवसभर लोखंड ओढणारा माणूस घामाचे पैसे मिळावेत म्हणून भांडतो, आणि संध्याकाळी दहा किलोची लोखंडी चकती उचलायला दुसरा माणूस पैसे भरतो. या दुसऱ्या माणसाला मी हसत नाही. खुर्चीत बसून शरीर झिजतं, त्याला वजन उचलायला हवंच. पण तो ज्याला बाजारभाव समजतो आहे, तो दुसऱ्या कुठल्याही बाजारात चालला नसता. दूध न घालता महिन्याचे पैसे मागणाऱ्या गवळ्याला आपण दारात उभं करतो का?

या प्रांतात वर्गणीचा एक वेगळा इतिहासही आहे, आणि तो भिलाईच्याच खनिजाशी जोडलेला आहे. प्लांटला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली खाणमजुरांनी संघटना बांधली. संघटनेच्या एक उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या, आणि आपलं इस्पितळ आपण बांधायचं असं मजुरांनी ठरवलं. १९८३ साली शहीद हॉस्पिटल उघडलं ते मजुरांच्या पैशांतून आणि श्रमदानातून. कामावरून परतलेली माणसं विटा वाहत होती. पुढे २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींचा खून झाला तो इथे, भिलाईत. इस्पितळ मात्र टिकलं. जिमच्या लेखात हे कशासाठी, असं विचाराल तर एवढ्यासाठी: पैसे मजुरांनीही दिले होते आणि पैसे आपणही देतो. त्यांची ती वर्गणी होती, आपली ही फी आहे. वर्गणी दिलेल्या माणसाला ‘ते पैसे कुठे गेले’ असं विचारण्याचा हक्क असतो. फी भरलेल्याला पावती मिळते. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना आपण गेल्या वर्षीचा जमाखर्च विचारतो, दहा रुपयांचा मांडवही सोडत नाही. तीस हजार भरताना आपली दातखिळी का बसते?

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. तो बायकांचा आहे, आणि तो मला मान्य आहे.

पुरुषाने ‘मैदान आहे, झाडं आहेत, सेक्टरांतले रस्ते रुंद आहेत, चालायला पैसे लागत नाहीत’ असं म्हणणं सोपं आहे. टाउनशिपच्या झाडीखालून पहाटे चालणं हे भिलाईचं खरं वैभव, यात शंका नाही. पण संध्याकाळी सातला, दिवे बंद पडलेल्या मैदानाच्या कडेने एकट्या बाईने पळावं, असं म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या बाईला विचारावं. ट्रॅकपँट घालून बाहेर पडायची परवानगी मागावी लागते, मोटरसायकलवरची पोरं दोनदा वळून येतात, जवळपास धड मुतारी नसते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर बायकांत ५७. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा नाही. तो दिव्याचा, रस्त्याचा, सासूच्या नजरेचा आणि वेळेचा आहे. जिममध्ये दार आहे, आरसा आहे, बायकांची वेगळी वेळ आहे, शिकवायला बाई आहे. तिथे ती तासभर कुणाची कुणीही नसते. अशा बाईला तीस हजार महाग आहेत असं मी म्हणणार नाही.

पण मग ते पैसे कशाचे आहेत, हे नीट सांगू या. ते यंत्रांचे नाहीत. रस्त्यावर निर्धास्त चालता येत नाही, त्याचा हा दंड आहे, आणि तो गुन्हा करणाऱ्याऐवजी तीच भरते आहे. ज्यांना तो परवडत नाही त्यांचं काय? त्याच जिमची फरशी पुसणाऱ्या बाईचे गुडघेही दुखतात. साखर तिलाही आहे. तिच्यासाठी दिवा कुठे लागणार? जिमच्या बाजूने दिला जाणारा हा सगळ्यात चांगला युक्तिवाद खरं तर मैदानाच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप वयाचा. नुसतं चालणं पुरत नाही, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलं त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही आहे. पन्नाशीनंतर मांड्यांची ताकद गेली की माणूस पडतो, आणि खुब्याचं हाड मोडलं की घर खाटेभोवती फिरू लागतं. या वयात वजन उचलायला शिकावं, आणि जाणत्याच्या नजरेखाली शिकावं. पण त्यासाठी काय लागतं? दोन-तीन जोड वजनं, एक बाक, एक चटई, आणि सुरुवातीचे काही महिने डोळ्यांत तेल घालून पाहणारा शिक्षक. महागड्या जिममध्ये पहिल्या तीन गोष्टी दामदुपटीने मिळतात. चौथी फीत बसत नाही. ती ‘पर्सनल ट्रेनिंग’ म्हणून निराळी विकली जाते. सर्वसाधारण सभासदाच्या वाट्याला येतो तो तुटपुंज्या पगाराचा, ‘इतकी पॅकेजं खपव’ असं ओझं डोक्यावर असलेला पोरगा. तुमची पाठ वाकडी होते आहे हे त्याला दिसतं, पण ते सांगायचे पैसे वेगळे आहेत.

तिसरा आक्षेप एकटेपणाचा, आणि तोही खोटा नाही. सेवानिवृत्तांची मुलं पुण्या-बंगळुरूला. संध्याकाळी चार माणसं दिसतात म्हणून जिमला जाणारे आहेत. माणसं दिसण्यासाठी पैसे भरावे लागणं ही कुठल्याही गावाला शोभणारी गोष्ट नाही, पण गरज खरी आहे. जे आठवड्यातून पाच दिवस नेमाने जातात, त्यांच्यापुरतं उत्तर सोपं आहे: खुशाल जावं. त्यांचे पैसे वसूल होतात, कारण उरलेल्या सहाशे जणांनी त्यांची फी भरलेली असते.

विशीतल्या पोरांबद्दल थोडक्यात. त्यांना दंड हवे असतात, आरशातला फोटो हवा असतो, आणि सुपेल्याच्या चौकात मित्रांनी पाहावं असं वाटतं. वाटू दे, वय आहे. पण जिमची फी हा त्यांच्या खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग काउंटरवरच्या पावडरीच्या डब्यांत जातो. नौकरीवाल्या बापाच्या पैशातून नौकरी नसलेलं पोरगं छाती फुगवतं, यात थट्टा करण्यासारखं काही मला दिसत नाही. त्याला कामाचं काहीतरी मोजता यावं असं वाटतं, आणि या गावात त्याला मोजता येईल अशी एवढी एकच वस्तू उरली आहे. हे गाऱ्हाणं जिमचं नाही. पण त्यावर जिम पैसा करते हे खरं.

तर ज्यांना जायचंच आहे त्यांनी दुकानात शिरताना गिऱ्हाइकाचं डोकं सोबत न्यावं. वर्षाची फी भरू नका. महिन्याची भरा, चढी वाटली तरी. तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर हजेरीचे शेरे मारा. महिन्यात बारा दिवस भरले तर पुढचा विचार करा. चार भरले तर तुम्ही अमेरिकेतल्या त्या निबंधातले सभासद आहात. ज्या वेळेला तुम्ही खरोखर जाणार, त्याच वेळेला जाऊन एकदा दालन पाहून या. दुपारी तीनला सगळी यंत्रं रिकामीच असतात. एकूण सभासद किती, असं सरळ विचारा. उत्तर टाळलं तर उत्तर मिळालं. बदली झाली, ऑपरेशन झालं, तर पैसे परत मिळतील का, हे लेखी मागा. ‘नो रिफंड’ ही पाटी भिंतीवर लावली म्हणून कायदा होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्याच आहे. आणि आणखी एक. जिमच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. यंत्रखरेदीवरच्या कराची वजावट त्यांना आता मिळत नाही हे खरं, तरी तुमची फी किती उतरली, हे विचारायला हरकत नाही. दोन्ही वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवा.

पण नुसता शहाणा गिऱ्हाईक होऊन भागत नाही, कारण शहाण्या गिऱ्हाइकाला मैदानावरचा दिवा लावता येत नाही. टाउनशिप आखणाऱ्यांनी सेक्टरासेक्टरांत शाळा, बाजार, मोकळी जागा ठेवली. टाउनशिपबाहेर वाढलेल्या वसाहतींत प्लॉट पडले, मोकळी जागा हिशोबात उरली. आज जिथे जिम सर्वांत जास्त, तिथेच पोरांना चेंडू मारायला जागा सर्वांत कमी, हा योगायोग नव्हे. जे आधी सामाईक होतं ते नाहीसं झालं की मग त्याचे तुकडे काचेमागे विकता येतात. प्लांटकडे, महापालिकेकडे मागायच्या गोष्टी लहान आणि मोजता येण्याजोग्या आहेत: मैदानांवर रात्री नऊपर्यंत दिवे, शाळांची सभागृहं शाळा सुटल्यावर दोन तास खुली, स्वच्छतागृहाला कुलूप नको, आणि आठवड्यातले तीन दिवस पगारी शिक्षिका.

आणि ते मिळेपर्यंत आपण मराठी माणसांनी आपल्याच दारात पाहावं. छत्तीसगडात काय किंवा बृहन्महाराष्ट्रात कुठेही काय, आपल्या मंडळांनी हॉल बांधले. तिथे गणपती बसतो, हळदीकुंकू होतं, कोजागिरीचं दूध आटतं, आणि उरलेले दिवस हॉल लग्नाला भाड्याने जातो. पहाटे सहा ते आठ तो कुणाच्याच कामाचा नसतो. वीस घरांनी जिमला भरायचे तीस-तीस हजार एकदा मंडळात टाकले तर सहा लाख होतात. वजनं, बाक, चटया यांना दोन-अडीच लाख धरा. १५,००० रुपये महिन्याप्रमाणे शिक्षिकेचे वर्षाचे १,८०,०००. उरलेल्यात पंखे, कूलर, दिवे आणि वीज. दुसऱ्या वर्षी यंत्रांचा खर्च नाही. चालू खर्च अडीच लाखांच्या आत. तोवर साठ घरं आली तर घरटी वर्षाला चार हजार, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आत. आणि साठांतली सगळी घरं मराठीच असली पाहिजेत असं कुणी सांगितलं? छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मल्याळी शेजाऱ्यांनी वर्गणी दिली तर हॉल बाटणार नाही. झाडलोट करणाऱ्या बाईला आणि तिच्या मुलीला वर्गणी माफ, हे पहिल्याच ठरावात लिहून टाकावं.

हे जमणार नाही, असं म्हणणारे भेटतील. आपल्याकडे भांडणं होतात, किल्ली कुणाकडे यावरून कार्यकारिणी फुटते. होऊ द्या भांडणं. ज्या ठिकाणी किल्लीवरून भांडता येतं ते ठिकाण आपलं असतं. जिमची किल्ली कधी आपल्या हातात येत नाही, म्हणून तिथे शांतता असते, आणि एका सकाळी कुलूप दिसलं की ती शांतता किती महाग पडली ते कळतं.

मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय मांडला गेला पाहिजे. वार्षिक अहवाल, स्नेहसंमेलनाचा खर्च, आणि त्याखाली तिसरा मुद्दा: सकाळी सहा ते आठ हॉल उघडण्याबाबत. सूचक कुणीही असो. अनुमोदन द्यायला हजर राहा.